काठ देखणा आहे

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी पाण्याची टाकी कुठवर आली? तुमच्या टेकडीवर टपालाची गाडी आठवड्यातून एकदाच येते आणि फोन करायचा तर सगळा डोंगर उतरावा लागतो, असं तू मागे लिहिलं होतंस. एका परीने बरंच आहे. तुला रागवायचं तर मलाही आता आठवडाभर विचार करून रागवावं लागेल.

तुला हसू येईल अशी बातमी आहे. आमच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव होतोय. हो, आमच्याच, जिथे निम्मी माणसं जिना चढताना मध्ये थांबून गप्पा मारायचं नाटक करतात. कल्पना अर्थातच आमच्या हेडमास्तरांची. डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे असतील तर पाण्यात चाला. झालं! शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली, पण ह्यांची घंटा वाजवायची हौस काही फिटलेली नाही. समितीचे अध्यक्ष हे, ठराव ह्यांचा, आणि कंत्राटदारही ह्यांचाच जुना विद्यार्थी. पहिल्या बाकावर बसायचा म्हणे. मी त्याचं नावच 'पहिला बाक' ठेवलंय. भेटला की आधी "सर, आज जो काही आहे तो तुमच्यामुळे," आणि मग कामाचं बोलणं. तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तलाव माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. खड्डा झाला, भिंती झाल्या, आतल्या निळ्या फरश्या झाल्या. आता काठाचं काम निघालंय. चारी बाजूंनी करडे लांबट दगड बसवताहेत, पाण्यावर जरा पुढे आलेले, म्हणजे पोहणाऱ्याला हाताने धरता येतील. छान दिसतात. फक्त शेजारच्या नर्सबाई परवा म्हणाल्या, "ह्या कोपऱ्यातला एक दगड पायाखाली हलल्यासारखा वाटला हो." बाई निवृत्त झाल्या तरी दिसेल त्याची नाडी बघतात. ह्यांनी त्यांना हसून वाटेला लावलं.

तू जन्मभर लोकांच्या टाक्या नि तलाव तपासलेस, कितीतरी कंत्राटदारांची झोप उडवलीस. तर काठ चांगला की वाईट हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं तेवढं सांग. सहज विचारते. काळजीचं काही नाही.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. "काळजीचं काही नाही" हे वाचलं आणि काळजीला लागलो.

आपल्या घरातलं पत्र कसं असतं ते मला सांगू नकोस. आईचा नियम होता, वाईट ते कागदावर आणायचं नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं घरात राहतं. बाबा गेले तेव्हा मला वसतिगृहावर तिचं कार्ड आलं होतं, आठवतं? 'बाबांना आता खोकल्याचा काही त्रास नाही. तू सवडीने ये.' मी इतका खूश झालो की त्या संध्याकाळी मित्रांना घेऊन सिनेमाला गेलो, आणि तिने म्हटलं होतं तसा खरोखरच सवडीने आलो. दारातला चपलांचा ढीग बघितला तेव्हा मला कळलं. तू माझ्या हातातली पिशवी काढून घेतलीस, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून घरचं पत्र आलं की त्यातले 'ठीक' आणि 'छान' मी आधी मोजतो. तुझ्या पत्रात दोन्ही आहेत. म्हणजे तो दगड नक्की हलतोय.

आता ऐक. काठ डोळ्यांनी तपासायचा नसतो, कानांनी तपासायचा असतो. एक लाकडी चमचा घे आणि त्याच्या दांड्याने प्रत्येक दगड ठोकत जा, कुणाच्या दारावर टकटक करावं तितक्याच बेताने. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज आखूड आणि टणक येतो. पोकळ असेल तर रिकाम्या मडक्यासारखा येतो. घाईत असलेला गवंडी काय करतो, दगडाखाली सगळीकडे माल पसरत नाही. पाच गोळे ठेवतो, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि वरून दगड दाबून मोकळा होतो. दगड बसतो झकास. ओळ सरळ, पातळी बरोबर, बघणारा खूश. पण त्या गोळ्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि माल सुटत जातो. वरून चालताना एखादे वेळी काही होणार नाही. मात्र पाण्यातून वर येणारा माणूस आपला सगळा भार दगडाच्या पुढे आलेल्या नाकावर टाकतो. तिथे पोकळ दगड उलटतो, आणि उलटतो तो त्याच माणसाच्या अंगावर.

दुसरं म्हणजे काठ आणि बाहेरची फरशी ह्यांच्यामध्ये फट असली पाहिजे आणि ती रबरासारख्या मऊ मसाल्याने भरलेली असली पाहिजे. नखाने दाबून बघ. नख रुतलं तर बरं. टणक सिमेंट लागलं तर वाईट. उन्हाने फरशी फुगते, तिला अंग पसरायला जागा लागते. जागा नाही मिळाली की ती काठालाच पाण्याकडे ढकलत राहते.

बाकीचं पाणीच सांगेल. तलाव भरला की बघ, पाणी दगडांपासून सगळीकडे सारखंच खाली आहे का. पाणी कुणाचा विद्यार्थी नसतं.

भाऊजींना तूर्त काही बोलू नकोस. आधी वाजवून घे.

तुझा,
धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्यापायी मी वसाहतीत वेडी ठरले आहे. गवंडी जेवायला गेले की मी चमचा घेऊन निघते आणि दगडांशी बोलत बसते. एका आजोबांनी विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हो, भावाची अक्कल."

रस्त्याकडची बाजू अगदी मस्त आहे. एकेक दगड खणखणीत. फाटकातून येणारा पाहुणा तिथूनच आत येतो, त्याला काही खोट काढता येणार नाही. दोन्ही लांब बाजूही बऱ्या आहेत, मधूनमधून एखादा दगड कुरकुरतो. आमच्या घराकडची बाजू, जिथे जमीन उताराची होती आणि भराव टाकून सपाट केली, तिथे मात्र मडक्यांचा बाजारच मांडलाय. कोपऱ्यातले तर सगळेच. त्यातला एक, नर्सबाईंचा, चमचा मारल्यावर आतल्या आत काहीतरी भुरभुर पडल्यासारखा वाजतो. आणि तुझी ती फट सिमेंटने भरलेली आहे. माझं नख तुटलं. पण रंग दगडाशी इतका छान जुळवलाय की फट कुठे होती ते दिसतसुद्धा नाही, एवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.

एक सांगायचं की नाही ह्याचा विचार करत होते. परवा मी वाजवत असताना पहिला बाक मागे येऊन उभा राहिला. "काकू, काय शोधताय?" मी काहीतरी बोलले. त्याने हसत माझ्या हातातला चमचा घेतला आणि म्हणाला, "द्या, मीच ऐकवतो." मग तो पुढे आणि मी मागे. इथे वाजव, चार दगड सोड, तिथे वाजव. सगळे टणक. कोपऱ्यापर्यंत आला आणि गप्पा मारत मारत वळला. त्याने एकही पोकळ दगड वाजवला नाही. चमचा परत देताना म्हणाला, "सरांच्या डोक्याला ह्याचा ताप नको, काकू. तलावाला त्यांचंच नाव द्यायचं ठरतंय. त्यांच्या नावाला मी बट्टा लावेन का?"

बोलणं गोड आहे त्याचं. मी मात्र घरी येऊन आधी चमचा लपवून ठेवला.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,

सा. न. त्याने चांगलेच दगड वाजवले ह्याचा अर्थ तुझ्या लक्षात आला ना? वाईट कुठले ते त्याला पाठ आहेत. चुकलेल्या माणसाला मी माफ करतो, ह्याला नाही.

आता भाऊजींना सांगायलाच हवं. वाद घालू नकोस. एवढंच म्हण की कोपऱ्यातला एक दगड, फक्त एक, आपल्यासमोर उचलून दाखवायला सांगा. ज्याचं काम चोख असतं तो कुरकुरत का होईना, उचलतो. दुसऱ्या दिवशी परत बसवायला त्याला कितीसा वेळ लागणार आहे? जो उचलत नाही त्याच्या दगडाखाली काय आहे ते न उचलताच कळतं.

डॉक्टरांनी भाऊजींना पाण्यात चालायला सांगितलंय, हे तू गमतीत लिहून गेलीस. मला त्यात गंमत वाटली नाही. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस वर येताना पायांवर भार घेत नाही. तो हातांनीच वर चढतो.

मला इथून हलता येत नाही. टाकीच्या तळाचं काम चालू आहे, ते अर्ध्यावर सोडता येत नाही. नाहीतर मीच आलो असतो.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. बोलले. आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि शाळेत वापरायचे तो आवाज काढून म्हणाले, "तुझा भाऊ डोंगरावर बसून माझा विद्यार्थी नापास करतो? पेपर न बघता?" मी म्हटलं, एक दगड उचलायला सांगा. तर म्हणाले, "भरलेल्या सभेत मी ज्याला काम दिलं त्याला आता म्हणू, बाबा रे, तू चोर आहेस का ते बघायचंय?" मग दोन दिवस माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले. त्यांचंही कुठेतरी दुखतंय रे. त्यांच्या हाताखालून इतकी मुलं गेली, त्यातला हा एकच अजून घरी येतो. तो खोटा निघाला तर ह्यांच्याकडे उरतं काय?

मधल्या काळात तलाव भरला. तू म्हणालास तसं बघितलं. रस्त्याकडे पाणी दगडांच्या चांगलं चार बोटं खाली आहे. आमच्या कोपऱ्यात ते दगडाला जवळजवळ शिवतं. म्हणजे कोपरा बसलाय, हो ना? दगडांच्या खालच्या अंगाला मिठासारखा पांढरा लोणा फुटलाय, मी पुसते, चार दिवसांत परत येतो. आणि दुपारी ऊन चढलं की तिकडून आवाज येतो. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. मी भांडी घासताना थांबून ऐकत राहते. हे म्हणतात, पाली असतील.

हे सगळं मी कागदावर लिहितेय, आई वरून बघत असेल तर माझं काही खरं नाही.

पण एक मार्ग निघालाय. काल हे आपण होऊन म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या भावाने मला लेखी द्यावं. लेखी दिलं तर मी समितीपुढे ठेवीन आणि त्यात असेल तसं करीन." तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. तोंडी सांगितलेलं ते वाऱ्यावर सोडतात, पण लेखी आलेलं कधी डावलत नाहीत. सोनारानेच कान टोचलेले बरे. तू ह्यांना सरळ, स्पष्ट लिही. तुझ्या एका कागदावर हे सगळं थांबेल.

तुझी,
ताई


२२ मार्च

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. ताईच्या पत्रांतून आपल्या तलावाची हकीकत कळत असते. ह्या वयात सगळ्या वसाहतीला बरोबर घेऊन एवढं मोठं काम उभं करायचं, हे आपणच करू जाणे. आम्ही पगारी माणसं, आम्हाला असा उत्साह जमला नाही.

आपण माझा अभिप्राय मागितलात हा माझा मान समजतो. मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेव्हा फार बोलणं शोभणार नाही. ताईने वर्णन केलं त्यावरून काठ देखणा आहे. दगडांची निवड चांगली, ओळ सरळ, रंग जुळवण्यात कारागिराचा हात दिसतो. आपला विद्यार्थी मेहनती असणार ह्यात शंका नाही, हाताखालून काढणारे आपण होतात.

घराकडच्या कोपऱ्यातल्या काही दगडांना अजून थोडी माया लावता आली, तर दुधात साखर पडेल. तसंच काठाबाहेरच्या फटीकडे सवडीने एकदा नजर टाकावी, असं सुचवावंसं वाटतं. उद्घाटनाची घाई नसावी, एवढीच नम्र विनंती. बाकी आपण सुज्ञ आहात, अधिक काय लिहावे.

आपला,
धाकटा


२ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,

स. न. आपला अभिप्राय पोचला. मनापासून आभार. खरं सांगतो, पाकीट फोडण्याआधी मी दोनदा चष्मा पुसला होता. आपल्या ताईंनी गेला महिनाभर चमचा वाजवून मला भंडावून सोडलं होतं. पण जाणकाराचं मत ते जाणकाराचं.

समितीच्या सभेत मी आपलं पत्र उभं राहून वाचलं. 'काठ देखणा आहे' ह्या वाक्याला टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी उभं राहून आपली शंका मागे घेतली. माझ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपली सूचना मी त्याला शब्दशः सांगितली. त्याने दुसऱ्याच दिवशी माणसं लावून त्या कोपऱ्यातल्या दगडांना पुन्हा पॉलिश करून घेतलं. आता ते आरशासारखे झाले आहेत. आपण म्हणता ती माया ह्याहून अधिक काय असते!

उद्घाटन १९ एप्रिलला ठरलं आहे. पाण्यात पहिलं उतरण्याचा मान सर्वांनी मला दिला आहे. शिडी पलीकडच्या टोकाला आहे, तितकं लांब गुडघे ओढत जाण्यापेक्षा मी आमच्या कोपऱ्यातूनच उतरेन आणि तिथूनच वर येईन. आपण आलात तर दुधात साखर.

आपला,
हेडमास्तर

(ह्याच पाकिटात घडी घालून)

धाकट्या, ह्यांच्या नकळत हे आत सरकवतेय. हे काय लिहिलंस तू? कान टोचायला सांगितले तर गाल कुरवाळून मोकळा झालास. सभेत टाळ्या वाजल्या तेव्हा नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता आली नाही. माझं बोलणं आता घरात कुणी ऐकत नाही, "तुझ्याच भावाने पास केलंय" म्हणतात. टक् आवाज आता सकाळीही येतो. सिमेंटच्या कडेने केसासारखी चीर गेली होती, तिच्यात आज नाणं उभं राहिलं. मला भीती वाटते. मी लिहितेय बघ, मला भीती वाटते. काहीतरी कर.

ताई


८ एप्रिल

ताई,

टपालाची गाडी आत्ता आली आणि उभी आहे. ड्रायव्हरला थांबवून लिहितोय. हे पत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखव. मग समितीत वाचायला सांग.

भाऊजी, मी ह्या पत्राने माझं मागचं पत्र रद्द करतो. तुमचा काठ नापास आहे. घराकडच्या कोपऱ्यातल्या दगडांखाली माल नाही. मऊ भरायची फट सिमेंटने बुजवली आहे आणि फरशी काठाला पाण्यात ढकलते आहे. भराव खचतो आहे. माझ्या हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर मी त्याला आवारात उभं केलं नसतं. तुमच्या विद्यार्थ्याला हे सगळं माहीत आहे. तुम्ही फसवले गेला आहात. त्यात तुमचा कमीपणा नाही, पण आता पाण्यात उतरलात तर जिवावर बेतेल. तलाव रिकामा करा. त्या कोपऱ्याला दोरी बांधा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

ताई, मी मागच्या वेळी असं का लिहिलं नाही म्हणून विचारशील. चार वेळा लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात 'नापास' शब्द होता. वाचून बघितला तर वाटलं, ज्या माणसाने तुला इतकी वर्षं सुखात ठेवलं त्याला मी कागदावर म्हणतोय, तुम्ही मूर्ख ठरलात. तो कागद तुमच्या घरात राहील. खोडलं. मग एकेक वाक्य गोड करत गेलो. परक्या कंत्राटदारांना मी तोंडावर वाट्टेल ते बोललोय, पण घरी पत्र लिहायला बसलो की माझं मनगट आई धरते. मला वाटलं भाऊजी शहाणे आहेत, 'घाई नसावी' एवढ्यावरून ओळखतील. आपल्या घरात ओळखतात तसं. ते आपल्या घरातले नाहीत हे मी विसरलो.

तळाचं ओतकाम परवा संपतं, ते मध्येच सोडून फोनसाठी डोंगर उतरणंही जमत नाही. संपलं की निघतो, १९च्या आधी नक्की पोचतो. मी स्वतः तो दगड उचलून दाखवतो. तोपर्यंत त्यांना पाण्यात उतरू देऊ नकोस. भांड, रड, त्यांचे चपला-कपडे लपव, काहीही कर.

धाकटा


१३ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक.

तुझं पत्र आज दुपारी आलं. पाकिटावर लाल शाईने 'तातडीचं' लिहिलंयस. अजून फोडलं नाही. घरात माणसं आहेत, निवांत वाचता येणार नाही, म्हणून कपाटावर ठेवून दिलंय.

लेक आली आहे. जावई येतोय. शेजाऱ्यांनी खुर्च्या आणून दिल्या, स्वयंपाकाचं मला काही बघावं लागत नाही. नर्सबाई परवापासून स्वतःच्या घरी गेलेल्या नाहीत. सगळे फार चांगलं वागताहेत.

ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहेच. उद्घाटनाला चारचौघांसमोर गुडघ्याने फजिती करायला नको, म्हणून परवा सकाळी सराव करायला उतरले. मी नको म्हटलं. तर म्हणाले, "आता तुझ्या भावाचंसुद्धा ऐकायचं नाही का?" मग हसले आणि म्हणाले, "तू खिडकीत उभी राहा आणि बघ, कसा चालतो ते." मी उभी राहिले. चालले मात्र फार छान. पाणी छातीपर्यंत होतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, कुठे थांबले नाहीत. पाठ अगदी ताठ होती. शाळेत वर्गावर्गांतून फिरायचे तसे. मग आमच्या कोपऱ्यात आले, मला हात केला, आणि वर यायला दोन्ही हातांनी काठ धरला.

दगड तसा एकच निघाला. बाकीचे जागच्या जागी आहेत. पहिला बाक जवळच होता, कपड्यांनिशी उडी टाकली त्याने, त्याला एकट्याला दगड उचलेना. नर्सबाई धावत आल्या. मी पोचले तेव्हा सगळे माझ्याशी फार हळू बोलत होते.

दगड होता तिथे आता खालचं दिसतं. पाच गोळे आहेत. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, तू लिहिलं होतंस तसेच.

ह्यांना आता गुडघ्यांचा काही त्रास नाही.

मला ह्याहून वेगळं लिहिता येत नाही रे, हात वळतच नाही. शेवटी 'सवडीने ये' लिहिणार होते. पण सवडीने नको, लगेच ये. आलास की कपाटावरचं तुझं पत्र तूच मला वाचून दाखव. काहीतरी चांगलंच लिहिलं असशील.

तुझी,
ताई